वक्री बटणाची चौकशी

तिसरे यानही पृथ्वी सोडून निघून गेले, तेव्हा सचिव शिंत्रे यांनी मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले. "तिघं झाले. तिन्ही यानं गेली. आता आणखी काय बघायचं राहिलंय?"

मॉनिटरवर पृथ्वी लिंबाएवढी दिसत होती आणि अजून लहान होत चालली होती. खुर्चीतल्या महादेवने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. तो उचगावचा, लेथ मशीनवर वीस वर्षे काम केलेला कारागीर. केसाएवढ्या फरकाने माल नापास होतो अशा कामात त्याचा हात बसलेला. असा माणूस एक यान पृथ्वीभोवती टिकवू शकला नाही, हे मला पटले नाही. मला राग आला. तो राग महादेववर नव्हता. कोणावर होता, हे कळायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला.

प्रथम मी कोण आणि तेथे कशासाठी होतो, ते सांगतो. मी इनामदार, जिल्हा न्यायालयातून भाषांतरकार म्हणून निवृत्त झालो. साक्षीदार मराठीत बोलतो आणि वरचे न्यायालय इंग्रजीत वाचते. या दोहोंच्या मध्ये जो बसतो, तो भाषांतरकार. त्याने घातलेल्या एका शब्दाने माणूस सुटतो किंवा अडकतो. सबब शब्दांच्या बाबतीत मी कोणालाही सवलत दिलेली नाही. नगरपालिकेच्या नोटिशीपासून औषधाच्या वेष्टनापर्यंत जेथे चुकीचे मराठी दिसले, तेथे मी पत्र पाठवले आहे. बहुतेक पत्रांना उत्तर आलेले नाही. ती सर्व प्रतींसह माझ्याकडे फाइलला आहेत.

ही दोन हजार सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली हकीगत आहे. राजारामपुरीत एका विश्वस्त संस्थेचे छोटेसे विज्ञान केंद्र होते. खाली दुर्बिणी आणि भिंगे, वर चार कॉम्प्युटरांची एक खोली. त्या खोलीच्या प्रमुख हुक्केरी बाई. पदार्थविज्ञान शिकलेल्या, बोलायला शांत, आणि फारच संतापल्या तर पहिले वाक्य कानडीत येणाऱ्या. त्यांनी कॉम्प्युटरवर अंतराळयान चालवण्याचे एक सिम्युलेशन बसवले होते. सिम्युलेशन म्हणजे नक्कल. यान खोटे, पण ते ज्या नियमांनी चालते ते नियम खरे. यान पृथ्वीभोवती फिरत असते. पुढे काही अंतरावर एक अंतराळ स्थानक फिरत असते. तेथपर्यंत जायचे. खेळ एवढाच.

सचिवांना तो खेळ डोळ्यांसमोर नको होता. त्यांचे म्हणणे असे, की हे इंजिनीअरिंगच्या मुलांचे काम आहे, सामान्य माणसाला ते जन्मात जमणार नाही, आणि म्हणून ती खोली एखाद्या कोचिंग क्लासला दिलेली बरी. खोली गेली असती तर हुक्केरी बाईंचे पदही गेले असते. नियुक्तीच्या आदेशात ‘कॉम्प्युटर कक्ष अस्तित्वात असेपर्यंत’ असे शब्द होते. मी तो आदेश स्वतः वाचला होता. पळवाट नव्हती.

अध्यक्ष एक वयोवृद्ध डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तोडगा काढला. गावातली तीन सामान्य माणसे बोलवावीत. इंजिनीअर नको, विद्यार्थी नको. प्रत्येकाला मराठी पुस्तिका वाचायला एक दिवस आणि यान चालवायला एक तास द्यावा. एकाने जरी यान स्थानकापासून एक किलोमीटरच्या आत नेले, तरी खोली राहील. नाहीतर सचिव म्हणतील तसे.

मराठी पुस्तिका मी लिहिली होती. बाईंच्या विनंतीवरून, विनामूल्य, बत्तीस पानांची. कीबोर्डवरच्या बटणांना चिकटवायच्या मराठी चिठ्ठ्याही माझ्याच. पुस्तिका लिहिण्याआधी मी स्वतः तो खेळ शिकलो होतो, सहा दुपारी बसून. वय चौसष्ट. त्याआधी मी माउस हातात धरला नव्हता.

म्हणून मी खात्रीने सांगू शकत होतो, आणि आजही सांगतो, की असला खेळ शिकायला अवघड नसतो. तो अवघड दिसतो. पडद्यावर चाळीस आकडे असतात आणि नवा माणूस चाळीसही वाचायला जातो. बाईंनी मला पहिल्याच दुपारी सांगितले होते, "सर, तीनच बघायचे. उंची, वेग आणि स्थानकाचं अंतर. बाकीचे आहेत म्हणून आहेत." हे मला लगेच पटले. खटल्याची चारशे पानांची फाइल येते, पण वाद दोन पानांवर असतो. ती दोन पाने कोणती, एवढेच वकिलाला शिकावे लागते.

आणि तरीही त्या दिवशी तीन माणसांनी तीन याने घालवली.

पहिल्या होत्या शोभाताई. राजारामपुरीत त्यांची खानावळ आहे आणि शंभर माणसांचा स्वयंपाक त्या कागदावर एक अक्षर न लिहिता पार पाडतात. दुसरे गुरव, एस.टी.चे निवृत्त वाहतूक नियंत्रक. तिसरा महादेव. तिघांनीही तीच गोष्ट केली. स्थानक पुढे दिसले म्हणून यान पुढे रेटले. स्थानक आणखी लांब गेले. पुन्हा रेटले. ते आणखी लांब गेले. शेवटी पृथ्वीही सुटली.

"सर्वसाधारण बुद्धीच्या पलीकडचं आहे हे," सचिव म्हणाले. "मी पहिल्यापासून तेच सांगतोय. आता मीटिंगमध्ये ठराव मांडतो."

"ठराव मांडण्यापूर्वी हरकती ऐकाव्या लागतील," मी म्हणालो.

"कुणाच्या?"

"माझ्या."

"लेखी द्या मग."

असे मला कोणी सांगू नये. मी त्याच संध्याकाळी लेखी दिले. पाच पाने, अकरा हरकती. पहिली हरकत अशी होती: ‘चाचणीच्या वेळी सचिव महोदय उमेदवाराच्या पाठीमागे उभे राहून दर पाच मिनिटांनी वेळ सांगत होते. परीक्षार्थीच्या मानेवर श्वास सोडणे हा परीक्षेचा भाग असल्याचे आमच्या वाचनात नाही.’ सातवी हरकत खुर्चीच्या उंचीबद्दल होती. अकराव्या हरकतीत मी सदर चाचणी नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाविरुद्ध असल्याने रद्दबातल समजावी, असे म्हटले होते. पत्र उत्तम होते. मी दोनदा वाचून पाहिले.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. ‘पत्र पोहोचले. चाचणी झाली आहे.’

मी उत्तराचे उत्तर लिहायला घेतले. तेवढ्यात हुक्केरी बाई घरी आल्या. त्यांनी माझी पाच पाने उभ्या उभ्या वाचली आणि टेबलावर ठेवली.

"सर, रागावणार नसाल तर विचारते. यात यान का गेलं, ते कुठं आहे?"

"म्हणजे?"

"अकरा कारणं आहेत. खुर्ची आहे, घड्याळ आहे, सचिवांचा श्वास आहे. पण त्या तिघांनी दुसरं बटण दाबलंच नाही, ते का नाही दाबलं? हे तुम्ही त्यांना विचारलंत का?"

मी विचारले नव्हते. साक्षीदार न तपासता युक्तिवाद करणाऱ्या वकिलांना मी आयुष्यभर नावे ठेवली, आणि येथे मी नेमके तेच केले होते.

दुसऱ्या बटणाचे प्रकरण काय, ते सांगतो. यानाला मुख्य बटणे तीन. एक यानाचे तोंड प्रवासाच्या दिशेने करते. दुसरे तोंड उलट्या दिशेला करते. तिसरे इंजिन चालवते. तोंड पुढे करून इंजिन चालवले की वेग वाढतो, मागे करून चालवले की वेग कमी होतो. आता गंमत अशी, की पुढचे स्थानक गाठायचे असेल तर वेग कमी करावा लागतो. वेग कमी झाला की यान थोडे खाली उतरते. खालचा फेरा लहान असतो आणि तेथे यान लवकर फिरते, म्हणून ते पुढच्याला गाठते. उलट वेग वाढवला की यान वर चढते, फेरा मोठा होतो आणि आपण मागे पडतो. या खेळात शिकण्यासारखी खरी गोष्ट एवढी एकच. पुस्तिकेच्या नवव्या पानावर मी ती सविस्तर दिली होती. तरीही तिघांनी उलट्या तोंडाचे बटण दाबले नव्हते.

मी वही घेतली आणि बाईंबरोबर निघालो.

महादेव उद्यमनगरात त्याच्या मशीनवर होता. मशीन बंद करून बाहेर आला. "या की पावणं. चा सांगू?"

"चहा नंतर. मला तुमचा जबाब हवा आहे."

"जबाब? आवं, मी काय केलंय?"

"काहीच केलेले नाही. तेच विचारायचे आहे. ते डावीकडचे दुसरे बटण तुम्ही का दाबले नाही?"

"कुठलं, वक्री?"

"हो."

महादेवने माझ्याकडे असे पाहिले, की जणू प्रश्न विचारणाऱ्याचेच डोके तपासावे. "वक्री म्हंजे वाकडं की ओ. आमच्यात वाकडा शाफ्ट मशीनला लावत न्हाईत. लावला तर टूल मोडतंय, न्हायतर माणसाचं तोंड फुटतंय. मी कशाला यान वाकडं करीन? एक तर दुसऱ्याचं हाय."

बाई दुसरीकडे पाहू लागल्या. मी त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत उतरवले.

इंग्रजी मॅन्युअलमध्ये त्या उलट्या दिशेला जो शब्द होता, त्याला खगोलशास्त्राच्या परिभाषेत ‘वक्री’ हा प्रतिशब्द आहे. सरळ दिशेला ‘मार्गी’. मी कोश पाहून, पानाचा क्रमांक टिपून ते शब्द घेतले होते. शब्द शास्त्रशुद्ध होते. बाईंनी त्या वेळी ‘ब्रेक’ लिहावे असे सुचवले होते. मी लाल शाईने ते खोडले आणि समासात लिहिले, ‘मराठी प्रतिशब्द उपलब्ध असता इंग्रजी शब्द योजण्याचे प्रयोजन काय?’ तो कागद बाईंकडे अजून होता. त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही. मीच केला.

शोभाताई खानावळीत पोळ्यांच्या परातीशी उभ्या होत्या. बटणाचे नाव काढताच त्यांनी लाटणे खाली ठेवले.

"वक्री? इनामदार साहेब, तुम्ही शिकलेली माणसं असं कसं बटण ठेवता? गुरू वक्री हाय म्हणून आमच्या भावाच्या लग्नाची सुपारी सहा महिने पुढं ढकललीती. शनी वक्री होता तवा मी नवी शेगडीसुद्धा घेतली न्हाई. आणि त्या यानात बसून मी आपल्या हातानं वक्री करून घेऊ? मार्गी म्हणलं की कसं बरं वाटतंय. मी आपलं मार्गी दाबत ऱ्हायले."

"पण त्याने स्थानक लांब चालले होते."

"चाललं तर चाललं की! वंगाळ तर काही झालं न्हाई." मग बाईंकडे वळून हळू आवाजात, "माझ्यामुळं तुमची खोली जाणार म्हणत्यात, खरं व्हय?"

बाईंनी "नाही हो" म्हटले. ते खरे नव्हते, हे आम्हा तिघांनाही कळत होते.

मग आम्ही रिक्षाने गुरवांकडे निघालो. माझी एकच आशा उरली होती. गुरव हे नियमाने चालणारे, कागद वाचणारे गृहस्थ. त्यांनी माझी बत्तीसही पाने वाचली असणार.

वाचली होती. पेन्सिलीने खुणा करून वाचली होती. त्यांनी नववे पान उघडून माझ्यापुढे धरले. "हे बघा. ‘सूचना: वक्री ज्वलन सावधगिरीने करावे.’ चौकटीत आहे, खाली रेघ मारलेली आहे. हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो. जास्त वेळ इंजिन चालवले तर यान फार खाली येते आणि जळते. म्हणून ती सूचना."

"साहेब, मी एस.टी.त तीस वर्षं काढली. आमच्याकडं चौकटीत सूचना लिहिली, की ती गोष्ट करायची नसते. वरनं ‘ज्वलन’ लिहिलंय. एवढं सगळं वाचून मी ते बटण दाबलं असतं, तर मला नियंत्रक कुणी केलं असतं?"

मी वही मिटली. तीन साक्षीदार, तीन वेगळी कारणे आणि आरोपी एकच.

न्यायालयात जबाब नोंदवताना एक पथ्य असते. साक्षीदार ‘हाणलं’ म्हणाला तर ‘हाणलं’ असेच लिहायचे. ‘प्रहार केला’ असे लिहायचे नाही. कारण हाणणे आणि प्रहार यांत शिक्षेचा फरक पडू शकतो. हे पथ्य मी नव्या कारकुनांना ओरडून शिकवले आहे. एकाची वही खिडकीबाहेर टाकली आहे. आणि आयुष्यात प्रथमच लोकांसाठी, लोकांच्या हातात द्यायची एक पुस्तिका लिहिली, तेव्हा ती ज्यांच्यासाठी होती त्यांचा एकही शब्द मी तिच्यात येऊ दिला नव्हता.

घरी येऊन मी आधीची अकरा हरकतींची प्रत काढली आणि तिच्यावर ‘मागे घेतल्या’ असा शेरा मारला. मग नवे पत्र लिहिले. ते येथे पूर्ण देतो, कारण ते लहान आहे.

‘मा. अध्यक्ष यांस, सविनय सादर. झालेल्या चाचणीत तिन्ही उमेदवार अयशस्वी झाले, याचे कारण खेळ अवघड असणे हे नसून पुस्तिका सदोष असणे हे आहे. दोष भाषांतराचा आहे. भाषांतरकार खाली सही करणारा आहे. तिन्ही उमेदवारांचे जबाब त्यांच्या स्वतःच्या शब्दांत सोबत जोडले आहेत. सदोष कागदाच्या आधारे घेतलेली परीक्षा ही परीक्षा नव्हे. फेरचाचणी व्हावी ही विनंती. माझ्या चुकीची शिक्षा श्रीमती हुक्केरी यांना देण्यास कोणत्याही नियमाचा आधार नाही.’

या पत्रावर सही करायला मला अकरा हरकतींपेक्षा जास्त वेळ लागला.

अध्यक्षांनी आम्हां सर्वांना बोलावले. सचिवांनी माझे पत्र वाचून दाखवले आणि त्यांना हसू आवरेना. "म्हणजे गेली दहा वर्षं आमच्या नोटिशीतल्या वेलांट्या काढणारे इनामदार साहेब चुकले?"

"चुकले," मी म्हणालो. "तसे लेखी दिले आहे. तुमच्या वेलांट्याही चुकलेल्याच आहेत. ते पत्र वेगळे."

"बरं. पण तीच तीन माणसं आता चालणार नाहीत. त्यांना उत्तर कळलंय."

"मान्य."

"माणूस मी निवडणार."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. हरकत घेण्यासारखे होते. घेतली नाही. ज्याची बाजू खरी आहे, त्याने साक्षीदार कोणाचा आहे याची चिंता करू नये.

"हरकत नाही," मी म्हणालो.

"आमची अक्का," सचिव म्हणाले. "नेसरीला असते. शेती बघते. पुढच्या रविवारी इथं येणार आहे. टीव्हीचा रिमोटसुद्धा हातात धरत नाही. तिनं यान नेलं, तर मी खोलीचं नाव काढणार नाही. पुन्हा कधीही."

"हे इतिवृत्तात घ्यावे," मी म्हणालो. इतिवृत्त म्हणजे मीटिंगमध्ये जे बोलले गेले त्याची नोंद. अध्यक्षांनी ती घेतली. सचिवांना सही करावी लागली.

मग आम्ही कामाला लागलो. महादेव, शोभाताई आणि गुरव तिघेही आपणहून आले. बत्तीस पानांची चार झाली. मी वाक्य वाचायचे आणि तिघांपैकी कोणी एक अडला, की ते वाक्य काढायचे. ‘कक्षा’ला महादेव अडला. त्याला शाळेची कक्षा आठवली. ‘फेरा’ आला. ‘ज्वलन’ गेले, ‘इंजिन’ आले. ‘सापेक्ष गती’ या शब्दापाशी तिघेही अडले आणि शोभाताई पोळ्या राहिल्यात म्हणून उठू लागल्या. तो शब्द मी स्वतःच खोडला. वक्रीच्या चिठ्ठीवर काय लिहावे यावर अर्धा तास गेला. मी ‘प्रतिगामी’ सुचवले. गुरव म्हणाले, ते राजकारणात असते. अखेर महादेव वैतागून म्हणाला, "आवं, तोंड मागं करून इंजिन सोडलं की वेग मरतो. मग ब्रेकच की त्यो! त्यात काय घोळ घालायलाय?"

नव्या चिठ्ठ्या झाल्या: ‘तोंड पुढं’, ‘तोंड मागं, म्हणजे ब्रेक’ आणि ‘इंजिन’. मी ‘पुढे’ आणि ‘मागे’ लिहावे असे म्हणून पाहिले. चौघांनी माझ्याकडे पाहिले. ‘पुढं’ राहिले. सावधगिरीच्या सूचनेच्या जागी एक वाक्य आले: ‘ब्रेक थोडा थोडा मारा.’

रविवारी अक्का आल्या. सत्तरीच्या आसपासच्या, कपाळावर विभूतीचा पट्टा, हातात कापडी पिशवी. खुर्चीत बसण्यापूर्वी त्यांनी तिच्यावर थाप मारून धूळ पाहिली. अक्षरओळख बेताची होती, म्हणून चार पाने हुक्केरी बाईंनी वाचून दाखवावीत असे ठरले. त्याबाहेर एक अक्षर बोलायचे नाही, अशी अट सचिवांनी घातली. ते स्वतः मात्र बोलत राहिले.

"अक्का, जमलं नाही तर सोड. डोळे दुखतील."

"तू गप्प बस रं आप्पा. मला बघू दे."

बाईंनी वाचले. यान हे. स्थानक ते, पुढे आहे. फेरा हा. अक्कांनी बोट नाचवत पडद्यावरची दोन वर्तुळे पाहिली.

"ते म्होरं हाय?"

"पुढं आहे."

"आणि कागदात लिवलंय, म्होरच्याला गाठायला ब्रेक मार. हे खुळ्यागत न्हाई का?"

सचिव हसले. "बघा. म्हातारीला पण कळतंय."

बाईंचा चेहरा उतरला. चार पानांबाहेर बोलायचे नव्हते. त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचले, त्याच आवाजात: "ब्रेक मारला की यान खाली येतं. खालचा फेरा लहान."

अक्कांनी दोन्ही वर्तुळांवरून पुन्हा बोट फिरवले. मी माझ्या नकळत उभा राहिलो होतो. चार पानांत आणखी काही लिहायला हवे होते का, एवढाच विचार डोक्यात होता.

"आतला फेरा लहान," त्या स्वतःशी म्हणाल्या. "मळणीत तिवड्याजवळचा बैल. त्यो फिरून लगी मोकळा हुतोय. कडंचा मागं ऱ्हातोय." मग बाईंकडे वळून, "म्हंजे माझा बैल कडंचा झालाय. त्याला आत घ्यायचा. असंच न्हवं?"

बाईंना ‘हो’ म्हणायची परवानगी नव्हती. मळणीच्या खळ्यात मधोमध एक खांब रोवतात, तो तिवडा. त्याभोवती बैल फिरवतात. खांबाजवळच्या बैलाचा फेरा लहान, कडेच्याचा मोठा. माझ्या बत्तीस पानांत आकृत्या सात होत्या. बैल एकही नव्हता.

अक्कांनी एक बोट पुढे केले आणि ‘तोंड मागं’ दाबले. यान संथपणे वळले. मग ‘इंजिन’. बोट उचलले. पुन्हा दाबले, पुन्हा उचलले, कढईत तेल सोडावे तसे. अंतराचा आकडा आधी होता तसाच राहिला. मग एकने उतरला. मग भराभर उतरू लागला.

"हळू चाललंय," सचिव म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

वेळ वेगाने पळवण्याचे एक बटण असते. त्याची ओळ चौथ्या पानावर होती. बाईंनी ती वाचली.

"दिस पळीवता येतो व्हय? आणि हे मला आत्ता सांगायलाय!" अक्कांनी ते दाबले. पृथ्वीवर एक रात्र सरसर येऊन गेली, मग एक दिवस. स्थानकाच्या ठिपक्याचा चौकोन झाला, चौकोनाला पंख फुटले. जवळ आल्यावर त्यांनी कोणी न सांगता वेळ पूर्ववत केली, ‘तोंड पुढं’ दाबले आणि मग ‘इंजिन’. "आता परत कडंला घ्यायचा. न्हाईतर म्होरं निघून जाईल."

आकडा नऊशे मीटरवर आला. सहाशेवर आला. मी घड्याळ पाहिले. तासातली एकवीस मिनिटे बाकी होती.

"झालं," अध्यक्ष म्हणाल्या. "एक किलोमीटरच्या आत. झालं."

"थांबा की जरा," अक्का म्हणाल्या. "दारापातूर नेते."

त्यांनी ते दारापर्यंत नेले नाही. शेवटच्या टप्प्यात यान स्थानकाला धडकले आणि पडदा थिजला. अक्कांनी कपाळाला हात लावला आणि भावाकडे पाहून म्हणाल्या, "तू बोलत हुतास म्हणून."

खोली ठेवण्याचा ठराव मंजूर झाला. खोली राहिली. हुक्केरी बाईंच्या आदेशातले ‘अस्तित्वात असेपर्यंत’ हे शब्द काढून टाकावेत, अशी दुरुस्ती मी लगेच लेखी दिली आणि अध्यक्षांनी ती स्वीकारली. सचिवांनी शब्द पाळला. खोलीचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. पुढे कोणी पाहुणे आले, की ते त्यांना वर नेऊन ‘आमच्या अक्कानं चालवलेलं यान’ म्हणून दाखवू लागले. धडकेबद्दल ते सांगत नसत.

चार पानी पुस्तिकेवर भाषांतरकार म्हणून माझे नाव घालावे की नाही, असा प्रश्न निघाला. मी नको म्हणालो. गुरव म्हणाले, कागदावर जबाबदार माणसाचे नाव हवे, नाहीतर तक्रार कोणाकडे करायची? मुद्दा कायद्याने बिनतोड होता. नाव घातले आहे. एखादी गोष्ट शिकायला फार अवघड आहे अशी तक्रार कोणी केली, तर ती शिकणाऱ्याकडे न पाठवता प्रथम त्या नावावर पाठवावी. पोच दिली जाईल.